सर्व्हरला घातलेली शाल

याकोब घाटविसावे आमच्या भैरवदरा सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मिस्त्री होता. म्हणजे कारखान्यात जिथं म्हणून काटा, काच, नळी किंवा पारा असेल तिथं याकोब. माणूस मूळचा तिसगावचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, उंचीनं बेताचा, डोक्यावर बारा महिने एकच खाकी टोपी. बॉयलरपासून साखरेच्या गोदामापर्यंत शे-सव्वाशे तापमापक तरी असतील. त्यांतला कोण खरं बोलतो आणि कोण दोन अंश चढवून सांगतो, हे त्याला गावातल्या माणसांसारखं ठाऊक होतं.

पण तापमापक दुसऱ्यांसाठी. स्वतः याकोब उजव्या हाताची पालथी बोटं लावायचा. पालथीच का, असं मी एकदा विचारलं. मी तेव्हा काट्यावर क्लार्क होतो, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करून पावती फाडणं हे माझं काम. एवढ्या कामाचा माणूस असले प्रश्न विचारायला मोकळा असतो.

"तळहात कामानं मरतो," याकोब म्हणाला. "त्याला काय कळतंय? पालथा हात अजून जिता असतो."

मग बेअरिंगला बोटं लावून, डोळे मिटून म्हणायचा, "अठ्ठावन्न." पारा लावून बघावं तर अठ्ठावन्न. कधी साठ आलेच, तर याकोब पाऱ्याकडे संशयानं बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाराच चुकीचा निघायचा.

या भल्या माणसाला आयुष्यात एकाच प्रकारच्या लोकांचा राग होता. न बघता लिहिणाऱ्यांचा.

साखर कारखान्यात दर तासाला तापमान लिहायचं असतं. त्याचे छापील तक्ते असतात. तक्ता लिहिणारा खुर्चीत, तापमापक दोन जिने वर. आता दर तासाला दोन जिने चढायला तो काय गिर्यारोहक आहे? तो मागच्या पाळीच्या तक्त्याकडे बघतो, तिथं अडुसष्ट लिहिलेलं असतं, हाही अडुसष्ट लिहितो. मागच्या पाळीवाल्यानं त्याच्या मागच्याचं बघून लिहिलेलं असतं. तो अडुसष्टचा आकडा कोण्या मूळ पुरुषानं कोणत्या साली खरोखर डोळ्यांनी बघितला, हे संशोधनाचं काम आहे. कारखान्यात ही रीतच होती. चोरी म्हणून कुणी तिच्याकडे बघत नसे. वडिलोपार्जित अक्षर गिरवावं तसं गिरवत.

याकोब काय करायचा, हंगामातून एकदा गुपचूप वरचा तापमापक काढून आपल्या पिशवीत टाकायचा. दिवसभर पिशवी त्याच्या खांद्याला. संध्याकाळी तक्ता मागवायचा. दर तासाला अडुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट. मग सगळ्यांसमोर पिशवीतून तो तापमापक काढायचा आणि म्हणायचा, "ह्यो सकाळपासनं माझ्या डब्याशेजारी हाय. माझ्या भाकरीचं तापमान लिवलंय व्हय रे?"

अशा माणसाला कारखान्यात किती मित्र असतील, ते तुम्हीच ठरवा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे सर्व्हर आला.

त्याआधी कंप्युटर होते, पण सुटे सुटे. आता काटा, शेतकी विभाग, स्टोअर, सगळं एका मोठ्या यंत्राला जोडायचं होतं. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात आणि सर्व्हर म्हणजे सेवा करणारा, असं आम्हाला ईडीपी, म्हणजे कंप्युटर विभागाचा, मॅनेजर गहिनीनाथ पालवे यानं सांगितलं. प्रत्यक्षात सेवा कोण कुणाची करतो हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. सर्व्हरला काचेची खोली. खोलीला पडदे. दारात चपला काढायच्या. आत एसी. कारखान्यात एसी मिळालेले दोघेच, चेअरमनसाहेब आणि सर्व्हर, आणि दोघांच्याही खोलीबाहेर लोक हात बांधून उभे.

गहिनीनाथ नगरला सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता. जाताना तो माणसासारखा बोलायचा. आल्यावर त्याला मराठी आठवेना. "सिस्टीम हँग आहे", "पोर्ट लूज आहे" असं तो बैलगाडीवाल्यांनाही सांगायचा, आणि ते बिचारे "व्हय साहेब" म्हणून बैलांकडे बघायचे. सर्व्हरबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते त्यानं प्लास्टिकच्या वेष्टणासकट कपाटात ठेवलं होतं. खंडेनवमीला त्या पुस्तकाचीही पूजा झाली. वेष्टणावरूनच हळद-कुंकू.

आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उद्घाटन.

आता सहकारातली एक रीत तुम्हाला माहीत असेलच. कुणीही आलं की त्याला शाल आणि श्रीफळ द्यायचं. आमदार आला, शाल. तहसीलदाराची बदली झाली, शाल. तर सर्व्हर आला, पाहुणाच तो, पुण्याहून आलेला, तेव्हा त्यालाही शाल पाहिजे असा ठराव कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला कोण जाणे, पण चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या हातांनी सर्व्हरच्या अंगावर तांबडी लोकरी शाल घातली. आधी झेंडूचा हार, त्यावर शाल, डोक्यावर नारळ. यंत्राला पुढून आणि मागून हवा घ्यायला जाळ्या होत्या, त्या हारानं आणि शालीनं पुरत्या झाकल्या. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग चेअरमनसाहेबांचं भाषण. ते एकविसाव्या शतकावर होतं, आणि शतक यायला अजून सव्वा वर्ष होतं, तोवर भाषण संपेल अशी आशा होती. पाऊण तास झाला असेल नसेल, तोच सर्व्हर ओरडायला लागला. टीं टीं टीं टीं. टिटवीसारखा. साहेब थांबले. पुन्हा सुरू झाले. तो पुन्हा टीं टीं. मागं कुणीतरी हसलं.

गहिनीनाथाचा चेहरा पडला. त्यानं कंपनीच्या इंजिनियरला, चेतन कुलथे म्हणून पुण्याहून आलेला गृहस्थ होता, कोपरानं ढोसलं. "बंद करा आधी ते. शुभकार्यात अपशकुन नको." चेतन काहीतरी सांगायला लागला, तर हा म्हणाला, "ते नंतर. आत्ता बंद करा." चेतन कीबोर्डवर वाकला, दोन-तीन मिनिटं काहीतरी दाबलं. टीं टीं थांबलं. साहेबांचं एकविसावं शतक पुढं सरकलं.

ते गप्प कसं झालं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. याकोबनं विचारलं असतं, पण तो लाउडस्पीकरची वायर धरून बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. आणि साहेबांनी घातलेली शाल काढायची कुणाची हिंमत? ती तशीच राहिली. वर धूळ बसू नये म्हणून गहिनीनाथानं मखमली कव्हर शिवून घेतलं. झालरीसकट. माणसाला दम कोंडून मारायचं असेल तर यापेक्षा जास्त सन्मानानं मारता येणार नाही.

हंगाम सुरू झाला. थंडी होती तोवर सर्व्हर चालला. मधूनच झोपायचा, पण झोपून उठायचा. फेब्रुवारीत ऊन तापलं, खोलीला पश्चिमेच्या काचा, आणि सर्व्हर रोज दुपारी अडीचच्या सुमाराला मरायला लागला. तो मेला की काट्यावर माझा पडदा काळा. पावती निघेना. हातानं पावती फाडायची नाही असं नव्या शतकाचं परिपत्रक होतं. बाहेर दीडशे गाड्यांची रांग. बैल उन्हात, माणसं उन्हात, ऊस उन्हात वाळतोय.

रांगेत पाथर्डीकडच्या भीमाबाई म्हणून ऊसतोडणीच्या बाई असायच्या. त्यांची जीभ कोयत्यापेक्षा धारदार. त्या खिडकीशी येऊन विचारायच्या, "काय ओ भाऊ, मेला का तुमचा डबा आज बी?"

"दुरुस्त होतोय, मावशी."

"आमचा बैल आजारी पडला तर आमी त्याच्या अंगावरची झूल काढतो. तुमी त्याला रेशमी घागरा शिवलाय म्हनं. लगीन हाय का त्याचं?"

सगळी रांग हसली, मीही हसलो. आणि त्या बोलण्यात सगळं शास्त्र होतं, हे मला कळलं नाही. मी पदवीधर होतो.

सर्व्हर मेला की गहिनीनाथ उदबत्ती लावायचा. आणि अर्ध्या-पाऊण तासानं सर्व्हर खरंच उठायचा! थंड झाल्यावर कुठलंही यंत्र उठतं, पण ते श्रेय उदबत्तीला गेलं. पुढं पुढं तर दोन उदबत्त्या लावल्यावर लवकर उठतो, असा शोधही लागला.

याकोबला त्या खोलीत बोलावणं आलं ते वायरिंग तपासायला, कारण खोलीची वायरिंग आणि जमिनीतलं अर्थिंग त्यानं केलेलं होतं. त्यानं मीटर लावून तीनदा तपासलं. ठीक. मग निघता निघता, सवयीनं, कव्हराचा कोपरा उचलून पालथी बोटं सर्व्हरच्या अंगाला लावली आणि झटक्यात मागं घेतली.

"पालवेसाहेब, ह्याला ताप हाय. साठीच्या वर."

गहिनीनाथ इतका छान हसला की काय सांगू. त्यानं पडदा याकोबच्या दिशेनं वळवला. सर्व्हरच्या पोटात एक वेगळं छोटं कार्ड असतं. सर्व्हरची प्रकृती कशी आहे, पंखे फिरतात का, ताप किती, हे सांगायचं एवढंच त्या कार्डाचं काम. पडद्यावर लिहिलं होतं: तापमान, पंचवीस.

"वाचा मामा. पंचवीस. हे काय तुमच्या बेअरिंगचं ग्रीस नाही. मशीन स्वतःचं टेम्परेचर स्वतः सांगतंय, आणि तुम्ही बोट लावून त्याला खोटं पाडताय?"

"पंचवीस असतं तर माझं बोट पोळलं नसतं."

"वयोमानानं होतं असं," गहिनीनाथ म्हणाला. हा स्वतः चाळिशीचा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा.

"काल किती हुतं?" याकोबनं विचारलं.

"पंचवीस."

"परवा?"

"पंचवीसच. दिवाळीपासून पंचवीस. स्टेबल आहे."

"दिवाळीच्या थंडीत बी पंचवीस, फागनात बी पंचवीस," याकोब पुटपुटला आणि टोपी नीट करून बाहेर पडला. तेव्हाच त्याच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं, पण हातात धरायला काही नव्हतं.

दरम्यान वर संचालक मंडळात ओरड झाली. रोज दुपारी काटा बंद म्हणजे कुणाचा तरी दोष पाहिजे. सर्व्हरचा असणं शक्य नव्हतं. त्याला शाल घातलेली होती. गहिनीनाथाचा असणं शक्य नव्हतं; तो साहेबांच्या मेहुण्याच्या गावचा. उरलं अर्थिंग. अर्थिंग जमिनीत असतं, दिसत नाही, आणि ते ज्यानं पुरलं तो साहेबांच्या कुणाचाच कुणी नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात याकोबला मेमो मिळाला. 'आपल्या सदोष कामामुळे कारखान्याचे गाळप बाधित झाले. चूक मान्य असल्याबद्दल सही करावी. अन्यथा चौकशी समितीसमोर हजर राहावे.'

याकोब एकतीस मार्चला निवृत्त होणार होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याला एकही मेमो नव्हता. त्याचं सर्व्हिस बुक धुतल्या कापडासारखं स्वच्छ होतं. आमच्याकडे मेमो म्हणजे दुपारच्या चहाबरोबर येणारी गोष्ट. मला स्वतःला सात. पण याकोबचं तसं नव्हतं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडल्या, त्याच्याच नावावर शेवटच्या महिन्यात एक खोटी नोंद कायमची बसणार होती.

लेबर ऑफिसर सूर्यभान गर्जे त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "याकोबराव, करून टाका सही. चोवीस-पंचवीस दिवस राहिलेत. कोण वाचतंय नंतर?"

"मी वाचीन," याकोब म्हणाला.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रोझीबाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. बाई कडक. त्या दोघांचं लग्न कसं टिकलं असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "दोघंही ताप मोजायचो, चढू दिला नाही." याकोबनं मेमो त्यांच्यासमोर ठेवला आणि पंचवीसची गोष्ट सांगितली.

रोझीबाईंनी चष्मा लावून मेमो वाचला आणि बाजूला ठेवला. "आमच्या वॉर्डात एक नवी नर्स होती," त्या म्हणाल्या. "बारा नंबरच्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तीन दिवस. मी बघायला गेले तर बारा नंबरचा पेशंट तीन दिवसांपूर्वीच खिडकीतून पळून घरी गेलेला. खाटेवर नुसती उशी. त्या उशीला अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

मी हसलो. याकोब हसला नाही. तो उठून उभा राहिला.

"रोझी, ते यंत्र न बघता लिवतंय."

"यंत्र कसं न बघता लिहील?" मी म्हणालो.

"मानसानं शिकवलं तर का न्हाई लिवनार?" तो म्हणाला. "पंचवीस हा त्याचा अडुसष्ट हाय! रोझी, तुझी शेकायची रबरी पिशवी कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून ते जाड पुस्तक मागवलं. मी गहिनीनाथाकडे मागितलं, तर तो म्हणाला, "वेष्टण फाडू नका, पूजेतलं आहे." ते याकोबनं फाडलं. मिशनच्या शाळेत इंग्रजी वाचायला शिकलेला माणूस. चार दिवस, बोट ओळीखाली धरून, शब्द शब्द पुटपुटत त्यानं ते पुस्तक वाचलं. नगरच्या कोर्सवाल्यानं सहा महिन्यांत उघडलं नव्हतं ते.

चौकशीच्या दिवशी त्याच काचेच्या खोलीत सगळे जमले. एमडीसाहेब, सूर्यभान, गहिनीनाथ, पुण्याहून बोलावलेला चेतन कुलथे, आणि साक्षीदार म्हणून मी. दुपारचा एक वाजला होता. चपला बाहेर. याकोबच्या खांद्याला पिशवी.

"घाटविसावे, तुमचं काय म्हणणं आहे?" एमडीसाहेबांनी विचारलं.

"साहेब, म्हननं काय न्हाई. बघा फक्त." त्यानं पिशवीतून रोझीबाईंची लाल रबरी पिशवी काढली. कँटीनमधून उकळतं पाणी भरून आणलेली. गहिनीनाथ फिस्सकन हसला. "सर्व्हरचं पोट दुखतंय का, मामा?"

याकोबनं लक्ष दिलं नाही. पुस्तकातलं चित्र त्यानं एमडीसाहेबांना दाखवलं. "ताप मोजायचा सेन्सर पुढच्या जाळीच्या आत, इथं हाय. बरोबर ना ओ, इंजिनियरसाहेब?" चेतन म्हणाला, "हो काका, तिथंच." याकोबनं शालीचा कोपरा उचलला आणि गरम पिशवी बरोबर त्या जाळीला लावून धरली. "पडद्यावर किती?"

"पंचवीस," सूर्यभाननं वाचलं.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. एसीतही याकोबच्या कानशिलावरून घाम. "आता?"

"पंचवीस."

मग दुसऱ्या पिशवीतून फडक्यात बांधलेला बर्फ निघाला. रसवंतीवरचा. तो त्याच जाळीला. पुन्हा दहा मिनिटं. चेतनच्या लक्षात काहीतरी यायला लागलं असावं, कारण तो पडद्याकडे न बघता गहिनीनाथाकडे बघत होता.

"आता किती?"

"पंचवीस," सूर्यभान म्हणाला, आणि या खेपेला त्याचा आवाज जरा खाली आला.

"साहेब," याकोब फडकं पिळत म्हणाला, "इस्तू लावला तरी पंचवीस, बर्फ लावला तरी पंचवीस. ह्यो गडी जिना चढतच न्हाई. खुर्चीत बसून लिवतोय. उद्घाटनाला हेच यंत्र ठणाणा करत हुतं असं ह्ये काट्यावरचे भाऊ सांगत्यात. मग गप कसं झालं? तेवढं कोन सांगतं?"

शेवटी चेतन खुर्ची ओढून बसला. सर्व्हर बंद करून चालू केला आणि त्या छोट्या कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला फर्मवेअर म्हणतात, शिरला. यादी खाली सरकली. पंखे, व्होल्टेज, मग तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे सेन्सरपाशी जाऊन आकडा विचारून आणणारा बारका प्रोग्रॅम. त्याच्यापुढं लिहिलं होतं: बंद.

"मीच बंद केला होता," चेतन म्हणाला. "दसऱ्याला. आवाज थांबवायला दुसरा उपाय नव्हता. हा बंद असला की कार्ड आपलं कंपनीनं भरून दिलेला आकडा दाखवतं. पंचवीस. मी पालवेसाहेबांना सांगितलं होतं, कार्यक्रम झाला की चालू करून घ्या."

"मला वाटलं, तुम्ही करून गेलात," गहिनीनाथ म्हणाला. हे वाक्य त्यानं शुद्ध मराठीत म्हटलं. अडचणीत आला की त्याला मराठी आठवायची.

"थांबा," याकोब म्हणाला. "चालू करायच्या आधी." त्यानं शाल होती तशी पांघरली, कव्हर घातलं, झालर नीट केली, आणि यंत्र तसंच चालू देऊन आम्हाला अर्धा तास ताटकळत उभं केलं. मग कव्हराखाली हात घालून पालथी बोटं लावली. डोळे मिटले. "चौसष्ट. फारतर पासष्ट. आता करा चालू."

चेतननं 'बंद'च्या जागी 'चालू' केलं, जतन केलं, आणि यंत्र पुन्हा उठवलं. पडदा काळा झाला, मग उजळला.

चौसष्ट.

आणि लगेच टीं टीं टीं टीं.

गहिनीनाथ उडी मारून ओरडला, "बंद करा आधी ते!"

देवाशपथ, असंच म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तरी त्याला कळेना आपण काय बोललो. याकोब मात्र खुर्चीला टेकला आणि म्हणाला, "वरडू द्या ओ. पाच महिन्यांनी तोंड उघडलंय बिचाऱ्यानं."

मग त्यानं कव्हर काढलं, शाल काढली, वाळून पाचोळा झालेला हार काढला, आणि खिशातली पेन्सिल घेऊन दर पाच मिनिटांनी, बघून बघून, आकडे लिहिले. एकसष्ट. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. एक्केचाळिसाला टीं टीं थांबलं. त्या दुपारी अडीच वाजून गेले, साडेतीन वाजले, सर्व्हर मेला नाही. काट्यावर भीमाबाईंनी पावती घेताना विचारलं, "काय भाऊ, आज डबा जिता?" मी म्हणालो, "मावशी, घागरा काढला." त्या म्हणाल्या, "मंग मी काय म्हनत हुते?"

समितीचा निकाल लागला: 'तांत्रिक कारण. कुणाचाही दोष नाही.' आमच्याकडे दोष याकोबचा असला की तो याकोबचा असतो, आणि इतर कुणाचा निघाला की तो तांत्रिक होतो. सूर्यभाननं याकोबच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "तुमचा मेमो मागं घेतला, याकोबराव. विषय संपला."

एकतीस मार्चला निरोपाचा कार्यक्रम झाला. तोच मांडव, तोच लाउडस्पीकर, फक्त या वेळी वायर धरायला दुसरा होता. रोझीबाई पहिल्या रांगेत पांढरीशुभ्र साडी नेसून बसलेल्या. सूर्यभाननं भाषण केलं. "चौतीस वर्षांची निष्कलंक सेवा," तो म्हणाला. "त्यांच्या सर्व्हिस बुकात एक डागसुद्धा नाही." टाळ्या. चेअरमनसाहेब शाल घेऊन पुढं झाले.

याकोब मागं सरकला.

"साहेब, एक मिनिट. गर्जेसाहेब, तुमी आता बोलला ते बघून बोलला का?"

"म्हणजे?"

"माझं बुक बघितलं का आज?"

सूर्यभान हसला. "अहो, बघायचं काय त्यात? मला माहीत आहे."

"दाखवा."

चेअरमनसाहेब शाल हातात पसरून उभे, जणू कपडे वाळत घालायला आलेत. "घाटविसावे, कार्यक्रम झाल्यावर बघू," ते म्हणाले.

"साहेब, कार्यक्रम झाल्यावर, कार्यक्रम झाल्यावर म्हनूनच तर पाच महिने गेले," याकोब म्हणाला. आवाज चढवला नाही. टोपी काढून हातात धरली होती फक्त.

ऑफिसात माणूस पळाला. वीस मिनिटांत चेअरमनसाहेबांनी शाल तीनदा घडी करून तीनदा उलगडली. बुक आलं. सूर्यभाननं ते स्टेजवर उघडलं, आणि आम्हाला सगळ्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. शेवटच्या पानाला मेमो टाचलेला होता. मागं घेतल्याची ओळ कुठंच नव्हती. दोन आठवडे सूर्यभान भेटेल त्याला सांगत होता की मेमो काढला, आणि त्याला स्वतःला ते खरंच वाटत होतं. अडुसष्ट, अडुसष्ट.

"कारकुनाला सांगितलं होतं मी," तो म्हणाला.

"सांगितलं असंल की," याकोब म्हणाला. "काढा."

सूर्यभाननं सगळ्या गावासमोर टाचणी काढली, मेमोचे चार तुकडे केले. याकोबनं बुक हातात घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. चौतीस वर्षांची पानं. कुणी घाई केली नाही. करायची कुणाची छाती नव्हती. मग त्यानं बुक मिटून सूर्यभानला परत दिलं, टाचणी मात्र सदऱ्याच्या खिशाला खोचली आणि मान वाकवली. "घाला साहेब शाल."

साहेबांनी शाल घातली. तांबडी, लोकरी. याकोबनं एक टोक उचलून बघितलं. त्यावर जाळीच्या आकाराचा, जरासा करपल्यासारखा चौकोनी डाग होता, आणि काठाला कुंकू.

"ही त्याचीच ना ओ?" त्यानं विचारलं.

पहिल्या रांगेतून रोझीबाई म्हणाल्या, "राहू द्या अंगावर. धुऊन टाकीन मी."

आणि मग याकोबनं, भर मांडवात, उजव्या हाताची पालथी बोटं स्वतःच्या गालाला लावून बघितली.

"नॉर्मल," तो म्हणाला, आणि खाली उतरला.